तीच पंधरा मिनिटं

अक्कांच्या घड्याळात किती वाजलेत हे दुसऱ्या कुणाला कधीच दिसायचं नाही. तबकडी त्या मनगटाच्या आतल्या बाजूला, नाडी लागते तिथं, वळवून बांधायच्या. कुणी वेळ विचारली की हात छातीशी धरून, पत्ते लपवावेत तशा वाकून बघायच्या आणि सांगायच्या, "अकरा वाजून सात मिनिटं, चाळीस सेकंद. आता पंचेचाळीस झाले." विचारणारा हसायचा. अक्का हसायच्या नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर नेहमी, गॅस चालू ठेवून घराबाहेर पडलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असते तशी काळजी असायची.

मी त्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागले तेव्हा दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. कोल्हापुरातलं एका ट्रस्टचं तीन मजली हॉस्पिटल. मी तेवीस वर्षांची, रोज हुपरीहून एस.टी.नं येणारी. घरात वडील आणि दोन्ही काका चांदीच्या पैंजणांचं काम करायचे. बाहेर नोकरी करणारी मी पहिलीच. त्यामुळं नोकरी जाईल ही धास्ती मला पहिल्या दिवसापासून होती, आणि अक्कांना भेटल्यावर ती दुप्पट झाली.

अक्का हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागाच्या प्रमुख होत्या, आणि त्या विभागात दुसरं कुणीच नव्हतं. वय पन्नाशीच्या पुढं, कपाळावर विभूतीची पुसट रेघ, साडी नेहमी फिक्या रंगाची. माहेर निपाणीकडचं, घरात कानडी आणि बाहेर कोल्हापुरी. बोलताना अस्सल कोल्हापुरी बाईसारखं "मी येतो, मी करतो" म्हणायच्या. नवीन माणसाला ते ऐकून गंमत वाटायची. आम्हाला नाही, आमच्याही घरी बायका तशाच बोलायच्या. माणसांची नावं मात्र त्यांच्या लक्षात राहायची नाहीत, किंवा त्या ठेवायच्या नाहीत. गाव तेवढं लक्षात ठेवायच्या. मी "हुपरी". मेडिकल वॉर्डच्या सिस्टर "वडगाव", कारण त्या पेठ वडगावच्या. रोज दुपारी साडेबाराच्या सुमाराला लॅबचा इंटरकॉम वाजायचा.

"हुपरी, धाकटीचं घड्याळ सांग. सेकंदासकट."

धाकटी म्हणजे आमच्या लॅबमधला सर्व्हर. हॉस्पिटलात तीन सर्व्हर होते. पेशंटची नोंदणी होते ती थोरली, वॉर्डातल्या स्क्रीनवर सगळं दाखवते ती मधली, आणि रक्त-लघवीचे रिपोर्ट पाठवते ती धाकटी. तिघी जावा. "एका घरात नांदायचं तर तिघींच्या तोंडात एकच वेळ पाहिजे," असं अक्का म्हणायच्या. वॉर्डातल्या स्क्रीनवर रिपोर्ट वेळेप्रमाणं लागायचे, सगळ्यांत ताजा सगळ्यांत वर. डॉक्टर वरची ओळ बघणार आणि औषध लिहिणार. तिघींपैकी एकीचं घड्याळ चुकलं तर कुठली ओळ वर जाईल याचा नेम नाही.

आता ही घड्याळं आपोआप जुळतात म्हणे. आमची जुळत नव्हती, कारण आमचं नेटवर्क बाहेरच्या जगाला जोडलेलंच नव्हतं. मी येण्याआधी एकदा कुणा हौशी डॉक्टरांनी थोरलीला टेलिफोनची तार जोडून इंटरनेट घेतलं होतं. तिसऱ्या दिवशी व्हायरस आला आणि दोन महिन्यांची नोंदणी पुसली गेली. अक्का ऑपरेशन थिएटरमधून टाके कापायची कात्री घेऊन आल्या, तार कापली, आणि कात्री धुऊन परत दिली. त्यानंतर बाहेरून आत काही आलं नाही. व्हायरस आला नाही, आणि वेळही आली नाही.

मग वेळ अक्का आणायच्या. सकाळी पावणेआठला टेलिफोनवर वेळ सांगणाऱ्या बाईला फोन लावून मनगटावरचं घड्याळ जुळवायच्या. आठच्या आत रेडिओवरच्या टिकटिकीशी ताडून बघायच्या. मग पहिल्यांदा थोरलीकडं, मग मधलीकडं, शेवटी लॅबमध्ये. हात छातीशी, डोळे स्क्रीनवर, ओठ हलत असलेले. प्रत्येक यंत्राची खोड त्यांना पाठ होती. धाकटी उन्हाळ्यात दिवसाला चार सेकंद पळते, पावसाळ्यात जरा शहाणी होते. मधली कायम रेंगाळते. फरक वहीत लिहायच्या, रोजचा, तिघींचा.

घड्याळ पुढं गेलेलं असलं तर मात्र अक्का ते कधीही मागं ओढायच्या नाहीत. पुण्याच्या एका इंजिनिअरकडून त्यांनी छोटा प्रोग्रॅम लिहून घेतला होता. तो घड्याळाला जरा सावकाश चालवायचा, एकेक सेकंद नकळत लांबवायचा, खरी वेळ त्याला गाठेपर्यंत. चार सेकंदांसाठी अर्धा-अर्धा तास अक्का स्टुलावर बसून राहायच्या.

मी एकदा वैतागून म्हटलं, "अक्का, मागं करा की चार सेकंद. कुणाचं काय बिघडतंय?"

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी हातातली परीक्षानळी खाली ठेवली.

"मागं नेलंस तर तेच चार सेकंद दोनदा येतील. दोनदा आलेल्या वेळेत आधी काय झालं आन नंतर काय झालं, सांगशील तू?"

"चार सेकंदांत काय होणारय?"

"न्हाय होणार. पण हाताला सवय लागती की."

या वेडाचं मूळ कशात होतं ते मला नीट कळलं नाही. हॉस्पिटलात येण्याआधी त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडायच्या. तीन मिनिटं झाली की लाइनवर येऊन "वेळ संपली" सांगायचं आणि तोडायचं, हे काम त्यांनी वीसेक वर्षं केलं. पुढं सगळं आपोआप जोडलं जायला लागलं तेव्हा त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. एकदा दुपारी डबा खाताना त्या एकदम म्हणाल्या, "एका माणसाला मी दोन मिन्टातच तोडलं हुतं. माझ्या टेबलावरचं घड्याळ पुढं हुतं. त्याची आई पलीकडं बोलत हुती." मी विचारलं, मग? त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाल्या, "मग काय. लाइन परत लागली न्हाई." पुन्हा हा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही.

त्यांच्या हट्टाचे किस्से हॉस्पिटलभर होते. एकदा एक नवा बाप झालेला माणूस मुलाची जन्मवेळ बदलून मागायला आला. चांगला धडधाकट, गळ्यात सोन्याची साखळी, पंचक्रोशीत वजन असलेला. जोतिषानं सांगितलं होतं की मुलगा सहा मिनिटं आधी जन्मला असता तर पत्रिका राजाची झाली असती. नोंदणीतल्या मुलीनं घाबरून त्याला अक्कांकडं पाठवलं.

"सहाच मिन्टं की हो, बाई," तो म्हणाला.

"पावणं, सहा मिन्टं कुठनं आणू? दुसऱ्या कुणाची काढून घिऊ?" अक्का म्हणाल्या. त्यानं ट्रस्टच्या मोठ्या डॉक्टरांचं नाव सांगितलं. अक्का म्हणाल्या, "मोठ्या डॉक्टरांस्नी पण न्हाईत माझ्याकडं सहा मिन्टं." तो शिव्या देत गेला. अक्का दिवसभर अस्वस्थ होत्या. मला वाटलं शिव्यांमुळं असेल. संध्याकाळी त्या लेबर रूममध्ये जाऊन भिंतीवरचं घड्याळ ताडून आल्या तेव्हा कळलं, की मुलाची नोंदलेली वेळ तरी बरोबर होती ना, ही शंका त्यांना खात होती. होती बरोबर. मग त्यांनी चहा घेतला.

काही वर्षांनी हॉस्पिटल बाहेरच्या जगाला जोडलं गेलं, घड्याळं आपापली जुळायला लागली, तेव्हाही अक्का महिनाभर रोज सकाळी टेलिफोन लावून बघत होत्या. महिन्यानं त्यांनी राजीनामा दिला. निरोप समारंभ नको म्हणाल्या. मीही त्यानंतर लवकरच लग्न होऊन पुण्याला आले. पण अक्का म्हटलं की मला त्यांचा निरोप आठवत नाही. एक मंगळवार आठवतो, आणि त्या मंगळवारी मी काय केलं ते.

अक्का रजा घेत नसत. त्या मंगळवारी घेतली, कारण निपाणीला त्यांची थोरली बहीण आजारी होती. जाताना धाकटीच्या स्क्रीनवर चिठ्ठी चिकटवून गेल्या: "मशीन बंद पडलं तर घड्याळाला हात लावू नका. मी संध्याकाळी येतो. तोवर रिपोर्ट कागदावर लिहून वॉर्डात पाठवा."

मार्च महिना होता. दुपारी चारच्या पुढं वीज गेली. यूपीएसनं पाच मिनिटं तग धरला आणि तोही बसला. जनरेटर सुरू होऊन धाकटी परत चालू झाली तेव्हा तिच्या स्क्रीनवर कुठल्या तरी जुन्या वर्षाची एक जानेवारी होती, रात्रीचे बारा. आतला बटणासारखा सेल संपला की यंत्र सगळं विसरतं.

टेबलावर सतरा नमुने पडले होते. लॅबचे डॉक्टर आत येऊन म्हणाले, "अगं, बघत काय बसलीस? चालू कर ना."

"सर, अक्कांनी चिठ्ठी..."

"अक्का येईपर्यंत पेशंट थांबणार आहेत का? टाक वेळ आणि कर सुरू."

मी माझ्या मनगटावरच्या घड्याळात बघून वेळ टाकली. पावणेपाच.

माझं घड्याळ पंधरा मिनिटं पुढं होतं. पाच चाळीसची हुपरीची गाडी चुकली की घरी पोचायला अंधार व्हायचा आणि आई दारात उभी असायची, म्हणून मीच ते पुढं लावून ठेवलं होतं. इतके महिने झाले होते की ते पुढं आहे हेच मी विसरून गेले होते. घड्याळात बघायचं आणि मनात वजा करायचं, हे आपोआप व्हायचं. त्या घाईत झालं नाही.

नमुने लावले. त्यात मेडिकल वॉर्डमधली एक बाई होती, कागलची. तिशीतली. जुलाब-उलट्यांनी चार दिवस हैराण होऊन आलेली. तिच्या रक्तातलं पोटॅशियम बघायचं होतं. हे एक मीठ आहे; फार वाढलं तरी हृदय बंद पडतं आणि फार कमी झालं तरी. यंत्रानं आकडा दिला सहा पूर्णांक दोन, आणि तो आपसूक वॉर्डात गेला. मी नळी उचलून बघितली तर वरचं पाणी लालभडक. रक्त काढताना पेशी फुटल्या की पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं. मी लगेच वॉर्डात फोन केला, "सिस्टर, कागलच्या बाईंचा नमुना खराब आलाय. तो आकडा धरू नका. दुसरा पाठवा." पलीकडं ड्यूटी संपवून निघालेल्या सिस्टर होत्या. बरं म्हणाल्या, आणि दुसरा नमुना खरंच लगोलग पाठवला.

तेवढ्यात समोरच्या शाळेची घंटा झाली. ती पाचला वीस कमी असताना व्हायची, रोज. मी घड्याळात बघितलं. पाचला पाच कमी.

अक्का संध्याकाळी येणार. आल्या आल्या धाकटीपुढं बसणार. पंधरा मिनिटांचा फरक. चार सेकंदांसाठी अर्धा तास बसणारी बाई. मला चिठ्ठी दिसली, लॅबचे डॉक्टर "मी सांगितलं" असं म्हणतील याचा भरवसा नव्हता, आणि हुपरीला घरी नोकरी गेल्याचं सांगणारी मी दिसले.

मी घड्याळ पंधरा मिनिटं मागं केलं. दोन कळा दाबायला लागल्या. मला इतकं हायसं वाटलं की मी पाणी प्यायले.

मग कागलच्या बाईंचा दुसरा नमुना लावला. दोन पूर्णांक आठ. पोटॅशियम वाढलं तर नव्हतंच, धोक्याइतकं कमी होतं. बरोबर आहे, चार दिवस जुलाब, मी मनाशी म्हटलं. रिपोर्ट वॉर्डात गेला आणि मी पुढचा नमुना घेतला.

पाच पंचवीसला अक्का दारात उभ्या. बस लवकर मिळाली होती. चपला बाहेर काढून त्या तशाच धाकटीपुढं बसल्या, पिशवी खांद्यावरच.

"सेल गेला न्हवं?" त्या म्हणाल्या. हात छातीशी घेतला. "वीस सेकंद मागं. कुणी लावलं?"

"मी. सरांनी सांगितलं."

"कशावरनं लावलंस?"

"घड्याळावरनं."

"एकदाच लावलंस?"

"व्हय," मी म्हटलं.

त्यांनी रिपोर्टची यादी उघडली आणि बोट लावत खाली येऊ लागल्या. बोट एका ठिकाणी थांबलं.

"हुपरी, सदतीस नंबर चार बावन्नला गेला. मग अडतीस नंबर चार पन्नासला कसा गेला?"

अक्कांनी दोन्ही ओळी पुन्हा वाचल्या, यावेळी नावंही. दोन्ही नावं एकच होती. दोन्ही आकड्यांवरून त्यांची नजर फिरली. "ह्यातलं खरं कुठलं?"

"दुसरं. पहिला नमुना खराब होता. मी फोन केला होता वॉर्डात..."

"स्क्रीनवर वर कुठलं दिसत आसंल?"

तेव्हा मला कळलं. चार बावन्न वर. सहा पूर्णांक दोन वर. आणि खरा आकडा त्याच्याखाली, जुना म्हणून.

अक्कांनी इंटरकॉम उचलला. वॉर्डाचा फोन लागत नव्हता, कुणी तरी बोलत होतं. त्यांनी रिसीव्हर टाकला आणि धावल्या. अनवाणी, पिशवीसकट, दोन जिने. मी त्यांना धावताना त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. मी मागून गेले, आणि प्रत्येक पायरीला मनात एकच होतं, की अजून वॉर्डच्या डॉक्टरांनी बघितलं नसू दे.

डॉक्टरांनी पाचला बघितलं होतं. ऑपरेशन थिएटरमधून येता येता स्क्रीनवरची वरची ओळ वाचून, पोटॅशियम उतरवायला ग्लुकोजमध्ये इन्सुलिन घालून सलाईन लिहून ते परत थिएटरमध्ये गेले होते. बाईंच्या हाताला ती बाटली लागलेली होती. तिसरा हिस्सा गेला होता.

"वडगाव, बंद कर ते," अक्का दारातूनच ओरडल्या.

वडगाव सिस्टर पाचच्या ड्यूटीला आलेल्या. खराब नमुन्याचा फोन त्यांनी घेतलेला नव्हता. "अक्का, डॉक्टरांनी लिहून दिलंय. तुम्ही कोण सांगणार?"

"रिपोर्ट उलटे लागलेत. खरं पोटॅशियम दोन पूर्णांक आठ हाय. बंद कर, मग मला काय म्हणायचं ते म्हण."

सिस्टरनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. त्यांनी चक्री फिरवून सलाईन बंद केलं आणि अक्कांनी हात छातीशी घेतला. "पाच एकतीस," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

पुढचे दोन तास मी वॉर्डच्या दाराशी उभी होते. बाईंना मॉनिटर लावला. हिरवी रेघ मध्येच चुकायची, एक ठोका गिळायची आणि पुढं जायची. डॉक्टर धावत आले, पोटॅशियमचं सलाईन सुरू झालं, अगदी थेंबाथेंबानं, कारण तेही घाईनं देता येत नाही. बाईंचा नवरा आणि सासू बाहेरच्या बाकावर बसले होते. नवरा एकदा उठून मला म्हणाला, "बाई, मघाशी बरी हुती की. येवढी माणसं का जमल्यात?" मी म्हटलं, बघतायत. तो परत बसला. पाच चाळीसची गाडी गेली, सहा वीसची गेली. साडेसातला डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, आता ठीक आहे.

खाली आले तर अक्का लॅबमध्ये वही उघडून लिहीत होत्या. मी त्यांच्यापाशी उभी राहिले.

"अक्का, माझं नाव नका घालू."

"मग कुणाचं घालू?"

"यंत्र बिघडलं म्हणा. सेल गेलाच होता."

त्यांनी वही माझ्याकडं फिरवली. वॉर्डच्या दाराशी मी त्यांच्यापाशी जे कबूल केलं होतं ते त्यात उतरलं होतं. मी कितीला, किती पुढं वेळ लावली, कितीला मागं नेली, विचारल्यावर एकदाच लावली असं खोटं सांगितलं, सगळं लिहिलेलं होतं. त्याच्यावर, पहिल्या ओळीत, हे होतं: "धाकटीचा सेल आठ दिवसांपासून कमी झालेला मला माहीत होता. महाद्वार रोडला जाऊन आणायचा होता. निपाणीला जायच्या नादात मी आणला नाही."

"हे कशाला लिहिलंत?" मी म्हटलं. "हे तर कुणालाच माहीत नाही."

"म्हणून लिवलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या डॉक्टरांनी आम्हा दोघींना बोलावलं. ट्रस्टचा कारभार तेच बघायचे. माणूस वाईट नव्हता. वही त्यांच्यापुढं होती.

"अक्का, पेशंट सुखरूप आहे. घरच्यांना काही कळलेलं नाही. आता उगाच हॉस्पिटलचं नाव कशाला? यादीतल्या त्या वेळा तेवढ्या सरळ करून टाका आणि वहीतलं पान नवं लिहा. या पोरीचीही नोकरी राहील."

मला आशा वाटली. मी अक्कांकडं बघितलंही नाही, लाज वाटली.

"सरळ करता येतात, साहेब," अक्का म्हणाल्या. "पाच मिन्टाचं काम हाय. पण मी करणार न्हाई."

"आणि त्यानं काय साधणार?"

"ते मला म्हाईत न्हाई. पण त्या बाईला सांगायला पाहिजे. तिच्या अंगात गेलंय ते."

"मी परवानगी दिली नाही तर?"

"मग मला आजच काढा. जाता जाता सांगून जातो."

मोठ्या डॉक्टरांनी वही मिटून अक्कांकडं सरकवली. शेवटी म्हणाले, "जा. पण नीट सांगा." अक्का उठल्या आणि मला म्हणाल्या, "चल. येताना रक्त काढायचं साहित्य घे, सकाळचा नमुना तिचा राहिलाय."

मला वाटलं होतं त्या मला बाहेर उभी करतील. त्यांनी मला खाटेशी नेलं. कागलच्या बाई उशीला टेकून बसल्या होत्या, चेहरा पिठासारखा. नवरा पेला धरून उभा, सासू पायाशी.

"काल तुमचे दोन रिपोर्ट उलटे लागले," अक्का म्हणाल्या. "त्यानं तुम्हाला नको ते सलाईन गेलं. पाच दहाला चालू झालं, पाच एकतीसला आम्ही बंद केलं. त्यानं तुमचा जीव जाऊ शकला असता. एक चूक माझी हाय, यंत्रातला सेल मी बदलला न्हाई. दुसरी हिची, हिनं घड्याळ मागं नेलं."

नवऱ्यानं पेला खाली ठेवला. तो ओरडणार, मारणार, मला वाटलं. त्याच्या मानेची शीर फुगली होती. पण बाईच आधी बोलल्या.

"कितीला म्हणालासा?"

"पाच दहा ते पाच एकतीस."

बाई नवऱ्याकडं वळल्या. आवाज बारीक होता पण त्यात धार होती. "बघा. मी म्हणत न्हवतो? तुम्ही च्या आणायला गेलता तवा माझं काळीज सुटलं. पाय गार पडलं. मी म्हटलं, मी चाललो. तुम्ही म्हणालासा, भ्यालीस. ह्या पण म्हणाल्या, मनाचं हाय." त्यांनी सासूकडं बोट केलं. "मला मनाचं झालं न्हवतं. खरंच झालतं की ते."

सासूनं पदर तोंडाला लावला. नवऱ्याचे डोळे भरले होते आणि राग कुठं ठेवावा हे त्याला कळत नव्हतं.

मग बाईंनी माझ्याकडं पाहिलं. "तू व्हय?"

"व्हय," मी म्हटलं. "माफ करा" असं म्हणायचं होतं, ते राहून गेलं.

"रक्त काढायला दुसरं कुणी न्हाई?"

दुसरं कुणी होतं. अक्का बोलल्या नाहीत, सिस्टरही बोलल्या नाहीत. मी ट्रे घेऊन मागं वळले तेव्हा बाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. काढ. पण बघून काढ."

त्यांनी हात पुढं केला आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. पहिल्यांदा शीर सापडली नाही. दुसऱ्यांदा सापडली. नळीत रक्त संथ, गडद उतरलं.

माझी नोकरी गेली नाही. वहीतलं ते पान तसंच राहिलं आणि मोठे डॉक्टर पुढं कित्येक महिने अक्कांशी कामापुरतंच बोलत होते. पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी मी वॉर्डातून बाहेर आले तेव्हा अक्का पेशंटच्या नातेवाइकांच्या बाकावर बसल्या होत्या. पाय अवघडल्यासारखे पसरलेले, दोन्ही हात मांडीवर. त्यांना असं रिकामं बसलेलं मी कधी बघितलं नव्हतं. मी शेजारी बसले.

"अक्का, तुम्हाला भीती नाही वाटली? साहेबांना तसं सांगताना?"

"रात्रभर झोपलो न्हाई," त्या म्हणाल्या. "रात्रभर वाटत हुतं, लवकर जावं, यादी सरळ करावी, पान फाडावं. सेलचं तर कुणालाच ठावं न्हवतं. सायबानं सांगायच्या आधीच माझ्या मनात आलतं ते."

मला विश्वास बसेना. "मग?"

"मग काय," अक्का म्हणाल्या. "सकाळ झाली."

आणि गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या.